मदत हवी आहे: एका भावाला सर्दी, दुसऱ्याला आयसीयू. जनुकं तपासून काही कळेल का?

नमस्कार मंडळी. कोविडचा विषय शिळा झालाय, पण आमच्या घरात तो परत निघालाय.

एप्रिल २०२१ मध्ये बाबा आणि धाकटे काका एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आले. बाबा ६१ वर्षांचे, जुना मधुमेह. दोन दिवस ताप, मग आमटीला चव नाही म्हणून आईशी वाद, बास. काका ५२, ना बीपी ना शुगर, रोज टेकडी चढणारे. त्यांचा एचआरसीटी (छातीच्या स्कॅनचा) स्कोअर २५ पैकी १७, आणि ११ दिवस आयसीयू. घर एक, स्वयंपाक एक, आईवडील तेच!

आता चुलतभावाला लाळ पाठवून जनुकीय तपासणी करायची आहे. 'दोष निघाला तर फ्लूची लस तरी घेईन' म्हणतो. (लस तशीही घे म्हटलं, ऐकत नाही.)

मी वाचलं ते असं: तिसऱ्या गुणसूत्रावर निअँडरथलांकडून (नामशेष झालेले आदिमानव) आलेला एक तुकडा आजार गंभीर होण्याची शक्यता वाढवतो. झेबर्ग आणि पाबो या संशोधकांनी २०२० मध्ये हे दाखवलं. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांत, दक्षिण आशियात जवळपास निम्म्यांत. इथेच घोडं अडलंय. मग आमची निम्मी गल्ली आयसीयूत का नव्हती? शिवाय नेदरलँड्समध्ये तरुण सख्ख्या भावांच्या दोन जोड्या अत्यवस्थ झाल्या, त्यांच्या टीएलआर७ या (विषाणू ओळखायला मदत करणाऱ्या) जनुकात बिघाड सापडला. आमच्याकडे तसंच असेल का?

आंबेमोहोर: 'आईवडील तेच' यातच गोम आहे. सख्ख्या भावांचीही जनुकं सरासरी निम्मीच जुळतात. आणि त्या तुकड्याने धोका दुप्पट झाला असं धरलं, तरी कशाच्या दुप्पट? शंभरात एकाचे दोन झाले तर गल्ली ओस पडत नाही. वयाचं पारडं त्याहून कितीतरी जड.

टीएलआर७ एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स आईकडून मिळतो, बापाकडून वाय. म्हणजे काकांत बिघाड असला तरी तो त्यांच्याकडून मुलाकडे जाणारच नाही, मुलगी असेल तर तिच्याकडे जाईल. तेव्हा तपासायचंच तर आधी काकांचं रक्त. काही अत्यवस्थ रुग्णांत स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध (विषाणूशी लढणारी शरीरातली प्रथिनं) प्रतिपिंडं सापडली होती, २०२० च्या अभ्यासात किमान १० टक्के रुग्णांत. तीही रक्तातच दिसतात, लाळेच्या जनुक-किटमध्ये नाही.

धागाकर्ता: आभार! एक्सचं डोक्यातच आलं नव्हतं. काकांना विचारलं, 'सुई सोडून काहीही सांग' म्हणाले. सांगली-कोल्हापूरकडे जेनेटिक काउन्सेलरकडे कुणी गेलंय का? साधारण काय विचारतात, कुठले जुने रिपोर्ट न्यावे लागतात?