तांत्रिक संकेतांवर शेअरच्या खरेदी-विक्रीची वेळ ठरवावी का?

मूळ मत
शेअर कधी घ्यावा यापेक्षा कधी सोडावा हे ठरवणे अवघड असते आणि तांत्रिक संकेतांचा, म्हणजे मागील किमतींच्या चढ-उतारावरून काढलेल्या इशाऱ्यांचा, खरा उपयोग तिथेच होतो, असे माझे मत आहे. शेअरच्या किमतीची ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीच्या वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री, हा नियम भविष्य सांगत नाही, परंतु पडणारा शेअर निव्वळ आशेवर धरून ठेवू देत नाही. दहापैकी चारच संकेत खरे ठरले, तरी सरासरी नफा सरासरी तोट्याच्या दुप्पट असेल, तर अखेरीस बाकी नफ्याचीच उरते.

प्रतिसाद १ (असहमत)
ही 'दुप्पट' आपण गृहीत धरली आहे. अमेरिकेतील बड्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाने २३ मार्च २०२० रोजी तळ गाठला, तर आपल्या नियमाचा विक्रीचा संकेत आला ३० मार्चला. पुढे जुलैमध्ये खरेदीचा संकेत मिळाला तेव्हा निर्देशांक विक्रीच्या पातळीहून सुमारे २० टक्के वर होता. सरासरी मागील किमतींवरूनच निघत असल्याने हा उशीर नियमातच आहे.

मूळ लेखकाचे उत्तर
उशीर मान्य आहे. मात्र त्याच निर्देशांकात, त्याच नियमाने डिसेंबर २००७ मध्ये विक्रीचा आणि जून २००९ मध्ये खरेदीचा संकेत दिला होता, आणि मधली मोठी पडझड टळली होती. बाजार सावकाश कोसळतो तेव्हा नियम वाचवतो, झटक्यात पडून सावरतो तेव्हा फसवतो.

प्रतिसाद २ (असहमत)
कोणता प्रकार चालू आहे हे आधी कळत नाही, अडचण तीच आहे. ब्रॉक, लॅकोनिशॉक आणि लेबॅरन या संशोधकांनी १९९२ मध्ये डाऊ जोन्स या अमेरिकी निर्देशांकाच्या १८९७ ते १९८६ या काळातील आकड्यांवर असे साधे नियम उपयोगी असल्याचे दाखवले होते. १९९९ मध्ये सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी हजारो नियम तपासले, तेव्हा सर्वोत्तम नियमाची कामगिरी १९८६ नंतरच्या काळात टिकली नाही. शिवाय अनेकजण आरएसआय (अलीकडच्या चढ-उताराचा जोर मोजणारा संकेत) आणि एमएसीडी (किमतीच्या दोन सरासरींतील अंतर दाखवणारा संकेत) एकाच दिशेने बोलले की पुरावा दुप्पट झाला असे समजतात. वास्तविक दोन्ही एकाच किमतीतून निघतात, त्यामुळे ती एकाच साक्षीदाराची दोनदा घेतलेली जबानी ठरते.

प्रतिसाद ३ (अंशतः सहमत)
नियम ज्या काळावरून बेतला तो काळ वगळून, दलाली, कर आणि अपेक्षित भाव व प्रत्यक्ष भाव यांतील फरक वजा करून जे उरते, तेवढेच इथे मांडावे. मूळ मतात हा खर्च कुठेच धरलेला दिसत नाही.