कोतवाल पंजी आणि डीएनए

एकाने विचारलंय की अमेरिकेत गोल्डन स्टेट किलर हा अनेक खून करून वर्षानुवर्षं न सापडलेला गुन्हेगार डीएनएवरून सापडला, तशी आपल्याकडच्या बेवारस मृतदेहांची ओळख का पटत नाही.

२०१८ साली तो पकडला गेला, कारण जीईडीमॅच या, लोक नातेवाईक शोधायला आपल्या डीएनएची माहिती टाकतात त्या संकेतस्थळावर त्याचा डीएनए दूरच्या नातेवाइकांशी जुळला. पण जुळणं हे अर्धंच काम. खापरपणजोबा एक असलेल्या दोघांत सरासरी एक टक्क्याहून कमी डीएनए सारखा असतो. पुढे जुन्या नोंदी धुंडाळत वंशावळ खाली आणावी लागते.

आपल्या खेड्यांतली माणसं त्या संकेतस्थळांवर नाहीतच. कागद मात्र आहेत! जात पडताळणीसाठी मी कोतवाल पंजीची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढली होती. पानाला बोट लागलं की कड झडायची, पण पणजोबांचं नाव, बापाचं नाव, जात, गाव सगळं एका ओळीत. दुसरी अडचण, पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाच-दहा गावांत सोयरिकी आणि मामे-आते लग्नं, त्यामुळे लांबचा माणूसही डीएनएत जवळचा दिसतो.

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा सुरतेला कामाला गेला, तो परत आलाच नाही. त्यांच्यासाठी वंशावळ लागत नाही. आई-मुलाचा निम्मा डीएनए सारखाच असतो, काकूंचा नमुना बेवारस मृतदेहांशी ताडून पाहिला तरी पुरे. हरवल्याची तक्रार देताना त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स तीनदा घेतली. रक्ताचा नमुना अजून कुणी मागितलेला नाही.