मदत हवी आहे: फळमाशांच्या आतड्यात स्पार्गेल (मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींची ऊर्जाघरं, सांभाळणारं जनुक) वाढवलं, पण कंट्रोल माशाही जास्त जगतायत

मध्यांत्र: ५९६१जीएस ड्रायव्हर (आरयू४८६ हे औषध दिलं की आतड्यात जनुक चालू करणारा), यूएएस-स्पार्गेल (त्याने चालू होणारी स्पार्गेलची जादा प्रत). आरयू४८६ वर माद्या जास्त जगतात, इथवर ठीक. पण नुसता ड्रायव्हर × डब्ल्यू१११८ (कंट्रोल, स्पार्गेलची जादा प्रत नाही), त्यातही आरयूवाल्या पुढे! स्मर्फ चाचणीत (निळा रंग खाऊ घालून तो आतड्यातून अंगभर गळतो का ते पाहतात) तर तरुण माशाही निळ्या. सोमवारी क्रॉस लावायचेत, लवकर सांगा.

खमीर: माद्या व्हर्जिन की मीलन झालेल्या? डोस? वायलीत (माशा ठेवायच्या नळीत) किती?

वोल्बाखिया_तपासा: आधी वोल्बाखिया (माशीच्या पेशींत राहणारा जिवाणू) आहे का, ते त्याच्या डब्ल्यूएसपी जनुकाच्या प्राइमरने पीसीआर करून पाहा. इंडी जनुकाचं काय झालं आठवा. २००० साली ते बिघडवल्यावर माशीचं आयुष्य जवळपास दुप्पट म्हणून गाजलं, २००७ मध्ये बाकीची जनुकीय पार्श्वभूमी सारखी केल्यावर परिणाम गायब. टेट्रासायक्लिन (जिवाणूंवरचं प्रतिजैविक) द्या, दोन पिढ्या.

खमीर: इथे लागू नाही. आरयू आणि नुसतं इथेनॉल (आरयू ज्यात विरघळवतात), दोन्ही गट एकाच बाटलीतल्या सख्ख्या बहिणी. वोल्बाखिया असला तर दोन्हीकडे असणार. शिवाय टेट्रासायक्लिन मायटोकाँड्रियाचं कामही दाबतं आणि स्पार्गेलचं कामच मायटोकाँड्रियावर.

मध्यांत्र: मीलन झालेल्या. ४८ तास नरांबरोबर. २०० मायक्रोमोलर, वायलीत २५.

खमीर: मग तिथेच आहे गोम. मीलनानंतर ज्युव्हेनाइल हार्मोन वाढतं, आतड्यातल्या मूळपेशी विभागतात, आतडं मोठं होतं, अंडी वाढतात, आयुष्य घटतं. आरयू हा परिणाम मोडतं, म्हणून जनुक न हलवताही माद्या जास्त जगतात. म्हणजे तुम्ही ज्या ऊतीत जनुक वाढवताय, तिथेच औषधही हात घालतंय. व्हर्जिन माद्या आणि नर, दोन्ही लावा. डोस २५ आणि ५० वर आणून पाहा. दोन आलेख शेजारी ठेवून भागणार नाही, कॉक्स मॉडेलमध्ये (किती जगले याची तुलना करणारं सांख्यिकी गणित) औषध × जनुकप्रकार हे पद घाला.

साखरपाणी: डोसचा हिशेब: १० मिग्रॅ/मिली स्टॉक असेल तर २०० मायक्रोमोलरसाठी लिटरला ८.६ मिली. कंट्रोललाही तेवढंच इथेनॉल, नुसतं अन्न नको. अन्न ६० अंशांखाली आल्यावरच मिसळा, नाहीतर इथेनॉल उडतं.

ताकप्रेमी: माणसाने इंडी बंद केलं तर वजन उतरेल का? की रोज ताक पुरे?

वोल्बाखिया_तपासा: उंदरांत ते जनुक काढल्यावर चरबीयुक्त आहारावरही लठ्ठपणा कमी आला, खरं. पण माणसात एसएलसी१३ए५ (इंडीचं मानवी रूप) च्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की जन्मल्यापासून फिट्स येतात. हा खेळ नाही. ताकाचा इथे संबंध नाही.

मध्यांत्र: स्मर्फचं कुणीच बोललं नाही.

साखरपाणी: रंग कुठला? निळा क्रमांक १ शुद्ध पूड, २.५ टक्के वजनाने. बाजारातल्या खाण्याच्या रंगात मीठ भरपूर असतं, तो नको. वायलीत पाणी सुटलं की माशी बाहेरून माखते आणि स्मर्फ समजून मोजली जाते. म्हणून अन्न रात्रभर कापसाखाली सुकवा, मोजण्याआधी माशा दोन तास साध्या अन्नावर ठेवा. नुसतं पोट निळं म्हणजे स्मर्फ नव्हे. डोकं, छाती, पाय, सगळं निळं हवं.

मध्यांत्र: बेकरीचाच रंग आहे. पूड मागवतो. व्हर्जिन उद्यापासून वेचायला घेतो.

खमीर: २५ अंशांवर असाल तर दर आठ तासांनी वेचा.