'ग्रॅज्युअल'चे समानार्थी: तक्ता ठेवायचा की पुसायचा?

पंचगंगाकाठ
आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेत इंग्रजी समानार्थी शब्दांचा मोठा तक्ता लावलाय. त्यातली एक ओळ: ग्रॅज्युअल = स्लो, स्टेडी, इन्क्रिमेंटल, प्रोग्रेसिव्ह. पोरं ती मंत्रासारखी घोकतात आणि निबंधात 'हळूहळू' म्हणायची वेळ आली की यातला हाताला लागेल तो शब्द ठेवून देतात. संध्याकाळी मी तिथं इंग्रजी शिकवतो, वह्या माझ्याकडंच येतात. माझं मत, ही ओळ पुसावी.

का, ते पावसाळा बघितलेल्या कोल्हापूरकराला चटकन कळेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीवरून 43 फुटांच्या धोका पातळीकडं सरकतं, ते ग्रॅज्युअली. दर तासाला साधारण तेवढंच चढत राहिलं तर स्टेडिली. आता राधानगरी धरणाचा विसर्ग घ्या. सात स्वयंचलित दरवाजे, एकेकातून 1428 क्युसेक. एक उघडला की आकडा तेवढ्यानं उडी मारतो आणि दुसरा उघडेपर्यंत तिथंच बसतो. ही वाढ इन्क्रिमेंटल. आणि केंद्रीय जल आयोगाच्या पूरपत्रकात नदीपुढं नुसतं 'स्टेडी' असेल, तर पाणी चढत नाही आणि उतरतही नाही. म्हणजे 'रायझिंग स्टेडिली' वाचलं की सामान माळ्यावर टाकायचं, 'स्टेडी' वाचलं की चहा ठेवायचा. तक्त्यात मात्र सगळे एका माळेचे मणी.

गप_अभ्यास_कर
सर, पूर वर्षातनं एकदा येतोय, पेपर पण वर्षातनं एकदाच येतोय. एसएससी सीजीएल, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीची परीक्षा, तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण, चुकलं की अर्धा गुण कट. शंभर प्रश्नांना मिळून एक तास. तिथं 'ग्रॅज्युअल'चा समानार्थी विचारला तर मी राधानगरीचे दरवाजे मोजत बसू काय? पोरगं गावाकडनं येऊन कॉट बेसिसवर राहतंय, घरचे उसाच्या बिलाची वाट बघत त्याला पैसे पाठवायला लागलेत. त्याला तक्ताच पाहिजे. शब्दांची चव घ्यायला नोकरी लागल्यावर आख्खं आयुष्य पडलंय.

दोन_गोळ्या_जेवणानंतर
परीक्षेचं मला माहीत नाही, वॉर्डातलं सांगतो. फाइलवर 'प्रोग्रेसिव्ह' वाचून नातेवाइकांचे चेहरे खुलतात. "प्रोग्रेस हाय म्हणा की डॉक्टर!" आता त्यांना कसं सांगायचं, की आजारापुढं प्रोग्रेसिव्ह लिहिलं म्हणजे तो वाढत जाणारा आहे. प्रगती आजाराची, पेशंटची नव्हे.

'टेपर' हा असाच एक. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर एकदम तोडत नाहीत, कारण शरीर तसंच स्वतःचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, बनवायचं विसरल्यासारखं झालेलं असतं. डोस कमी-कमी करत आणतात, तो टेपर. हा फक्त उतरणीचा शब्द. डोस चढवत नेताना कुणी लिहिला तर मेडिकलवाला फोन करून विचारेल. आणि आजार गुपचूप सुरू होऊन कळायच्या आत मुरला तर आम्ही 'इन्सिडियस' लिहितो. तोही हळूहळूच, पण त्यात दगा आहे. त्या जागी 'ग्रॅज्युअल' लिहिलं तर दगा गळून पडतो.

सातवी_गल्ली
एवढा कीस पाडायची गरज नाही. इंग्रज माणूस घरात 'बिट बाय बिट', 'लिटल बाय लिटल' म्हणतो आणि त्याचं झकास भागतं. जड शब्दांची हौस आपल्यालाच. जरा काही बदललं की 'इव्हॉल्व्ह', जरा कमी झालं की 'ड्विंडल'. शिवाय पंचगंगाकाठ, तुमचा चढ आणि उडीचा भेद मुळातच टिकत नाही. ग्रॅज्युअल आला लॅटिन 'ग्रॅडस'वरून, त्याचा अर्थच पायरी. मग इन्क्रिमेंटल तेवढा पायऱ्यांचा आणि ग्रॅज्युअल नाही, हे कुठलं गणित?

पंचगंगाकाठ
मूळ पायरीच आहे. डिग्री आणि ग्रॅज्युएट ही भावंडं तिथलीच. पण शब्द मुळाला खुंटी मारून बांधलेला नसतो. आज इंग्रजीत 'ग्रॅज्युअल स्लोप' म्हणतात तेव्हा तिथं पायऱ्या नसतात, अंगावर न येणारा चढ असतो. आणि इन्क्रिमेंट काय चीज आहे ते कुठल्याही सरकारी नोकरदाराला विचारा. मूळ पगार वर्षभर हलत नाही, ठरल्या तारखेला वाढतो, पुढं वर्षभर परत गप. याला ग्रॅज्युअल म्हणाल?

'बिट बाय बिट'ला माझा विरोध नाही, उलट पोरांनी तेच जास्त वापरावं. ड्विंडलला मात्र जड म्हणू नका. साधा शब्द आहे, आणि संपत आल्याची भावना त्यात आहे. 'डिक्रीज'मध्ये ती नाही.

फ्लेक्सवाला_लक्ष्मीपुरी
माझा धंदाच शब्दांचा, तेही बारा बाय आठच्या. वाढदिवसाच्या बोर्डावर 'आपली उत्तरोत्तर प्रगती होवो' छापतो. कुणी 'दिवसेंदिवस प्रगती होवो' लिहून आणलं तर न विचारता बदलतो. दिवसेंदिवस म्हटलं की पुढं महागाई, खड्डे असलंच काहीतरी यायला लागतंय. कलेकलेनं चंद्र वाढतो, उसाचा दर कलेकलेनं वाढला असं कोण म्हणतंय? अर्थ बघाल तर सगळ्यांचा 'हळूहळू'च्या आसपासच.

पण हे मला कुठल्या तक्त्यानं शिकवलं नाही. कानावर पडत गेलं. इंग्रजी आमच्या पोरांच्या कानावर पडतंय कुठं? त्यांच्याकडं एवढा तक्ताच आहे, तोही पुसा म्हणताय. हे काय पटलं नाही बघा.

गप_अभ्यास_कर
फ्लेक्सवाले, नाद खुळा. हेच म्हणालोय मी.

पंचगंगाकाठ
कानावर पडत नसेल तर डोळ्यांपुढं ठेवू. शब्दाबरोबर त्याचा सोबती लिहायचा: ग्रॅज्युअल रिकव्हरी, स्टेडी इन्कम, प्रोग्रेसिव्ह टॅक्स. स्टेडी इन्कम म्हणजे वाढत जाणारी कमाई नव्हे, दर महिन्याला न चुकता येणारी. प्रोग्रेसिव्ह टॅक्स म्हणजे आपल्या आयकरासारखा, उत्पन्नाचा टप्पा चढला की दरही चढतो. हा शब्द स्पर्धा परीक्षेच्या अर्थशास्त्रात येतोच, आणि 'हळूहळू लागणारा कर' असं उत्तर लिहिलेली वही माझ्याकडं आलेली आहे. ती चूक तक्त्यानं लावलेली.

शिवाय गप_अभ्यास_कर, त्याच पेपरात क्लोज टेस्ट असते. उताऱ्यातली गाळलेली जागा भरायची. चारही पर्याय तुमच्या तक्त्यातल्या एकाच ओळीतले आले तर काय करणार?

गप_अभ्यास_कर
तिथं वाक्य बघून ठरवायचं, एवढं कळतंय. पण थेट समानार्थीच्या प्रश्नात सडन, स्टीप, स्टेडी, ब्रीफ असे पर्याय आले तर तुम्ही तरी काय टिक करणार?

पंचगंगाकाठ
स्टेडी.

गप_अभ्यास_कर
मग? राहू दे की तक्ता.

सातवी_गल्ली
😄

पंचगंगाकाठ
चारातला त्यातल्या त्यात जवळचा निवडणं वेगळं आणि दोन्ही एकच आहेत असं भिंतीवर लिहिणं वेगळं. बरं, पुसत नाही. प्रत्येक शब्दापुढं एक वाक्य चिकटवतो, उद्यापासून. प्रोग्रेसिव्ह मात्र त्या ओळीतून काढणार.

गप_अभ्यास_कर
गेल्या बॅचला तोच आला होता म्हणतात पोरं. काढून तर बघा, सगळी अभ्यासिका तुमच्या दारात उभी राहील.