अनुभव धागा: तेच नाव, नवा आकडा. गेम घ्यायचा की थांबायचं?

मराठवाड्यातल्या कोणत्याही गेम झोनमध्ये डोकावलं की फुटबॉल नाहीतर जीटीए फाइव्ह चालू असतो. जीटीए फाइव्ह 2013 चा. 2014 ला पीएस 4 (प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून खेळायचं मशीन), 2015 ला पीसी, 2022 ला पीएस 5 असा पुन्हा पुन्हा विकला गेला. कंपन्या ओळखीच्या नावांवरच जगायल्यात का? नुसतं मत नको, कामाचं लिहा.

नांदेड, गेम झोन
फुटबॉलचा नवा भाग दरवर्षी येतो. 2023 ला फिफा हे नाव जाऊन ईए कंपनीचं ईए एफसी आलं, चक्र तेच राहिलं. शेजारी बसून दोघंच खेळणार असतील तर मागच्या वर्षीची डिस्क पुरते, आणि नवीन भाग आला की जुनीचा भाव पडतोच. निन्टेन्डोच्या स्विच या मशीनवर तर फिफा 20 ते फिफा 23 'लेगसी एडिशन' म्हणून संघ आणि किट बदलून जुनाच खेळ विकला. अल्टिमेट टीमवाल्या (खेळाडू जमवून संघ बांधायचा प्रकार) पोरांना आधीच सांगा: जमवलेले खेळाडू आणि कॉइन पुढच्या भागात येत नाहीत.

लातूर, पीसी जोडणी
कॉल ऑफ ड्यूटी हा बंदुकीचा गेम 2005 पासून दरवर्षी येतोय. 2019 चा मॉडर्न वॉरफेअर पीसीवर 200 जीबीच्या वर गेला होता. 512 जीबीची एसएसडी (साठवणीची डिस्क) विंडोजला 476 च दिसते, मग बाकीचं बसवायचं कुठं? नव्या भागांत कॅम्पेन (एकट्यानं खेळायची गोष्ट), मल्टिप्लेअर, वॉरझोन (फुकटचा ऑनलाइन भाग) वेगवेगळे टाकता येतात. जे खेळणार तेवढंच ठेवा.

दोन मित्रांनी एकच गेम घेतला असेल तर दोनदा डाउनलोड करू नका राव. स्टीम (पीसी गेम विकत घ्यायचं ॲप) च्या स्टीमॲप्समधल्या कॉमन फोल्डरातून गेमचं फोल्डर हार्डडिस्कवर घ्या, दुसऱ्या पीसीवर त्याच जागी ठेवा, मगच इन्स्टॉल दाबा. स्टीम असलेल्या फाइली तपासतं आणि राहिलेलंच उतरवतं. फोल्डरचं नाव एका अक्षरानं बदललं तरी पहिल्यापासून सुरू. हार्डडिस्क फॅट 32 (जुना फॉरमॅट) असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. एनटीएफएस फॉरमॅट करा, पण आधी डेटा काढून घ्या. अपडेट चालू असताना लाइट गेली आणि गेम उघडेना, तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइली व्हेरिफाय करा. सगळा गेम उडवू नका.

परभणी
ओळखीचं नाव विकतं, तर क्रिकेट का सोडलं? ईएनं 2006 ला क्रिकेट 07 काढला आणि मालिका तिथंच थांबवली. म्हणजे ओळख कुठल्या बाजारातली, ते बघतात. आजही पोरं पॅच (नवे संघ घालणाऱ्या फाइली) टाकून खेळतात. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका, विंडोज तिथं फाइली बदलू देत नाही. रोस्टर (खेळाडूंची यादी) गेमच्या नाही, डॉक्युमेंट्समधल्या फोल्डरात जातं. जुनेच संघ दिसायचं कारण बहुतेक वेळा हेच.

छत्रपती संभाजीनगर
नाव परत येणं वाईट नाही, दरवर्षी काढायचंच हे कॅलेंडर वाईट. असॅसिन्स क्रीड 2014 ला युनिटीमध्ये बगनं भरून आला. 2016 ला मुख्य भाग काढलाच नाही, आणि 2017 च्या ओरिजिन्समध्ये लढाईची पद्धतच बदलली. रेसिडेंट इव्हिल 2 चा 2019 चा रिमेक असाच: स्थिर कॅमेरा काढून खांद्यामागचा आणला, भीतीच नव्यानं रचली. अशाला पूर्ण पैसे द्यावेत.

नव्या नावाची कंपन्यांना वाटणारी भीतीही खरी आहे. कॉन्कॉर्ड हा कोरा नवा गेम 23 ऑगस्ट 2024 ला आला, 6 सप्टेंबरला बंद. पण 2020 चा 'राजी' पुण्याच्या छोट्या टीमनं केला, 2016 चा स्टारड्यू व्हॅली एकट्या माणसानं. अशा गेमांचे डेमो स्टीम नेक्स्ट फेस्टमध्ये (स्टीमवरचा डेमोंचा मेळा) फुकट मिळतात. स्टीमवर विकत घेतलाच तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून रिफंड मागता येतो. मेनूत उघडा ठेवलेला वेळही त्यात धरतात, म्हणून सेटिंग लावून लगेच खेळायला घ्या.