मिथिलीन ब्लूचा कॅलिब्रेशन ग्राफ वाकतो, ६१० ला शोल्डर वाढतो, का?

प्रश्न:
एमएस्सीचं प्रोजेक्ट चालू आहे, मिथिलीन ब्लू (निळा डाय) पाण्यात, १ सेंमीचा क्युव्हेट (सोल्यूशन भरून प्रकाशात धरायची पारदर्शक डबी). ६६४ नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो ते कॉन्सन्ट्रेशनसमोर मांडलं की कमी कॉन्सन्ट्रेशनला रेष मस्त सरळ येते, पण वाढवत नेलं की ग्राफ खाली वाकतो आणि स्पेक्ट्रममध्ये (तरंगलांबीनुसार शोषणाचा आलेख) ६१० च्या आसपासचा शोल्डर, म्हणजे मुख्य पीकच्या बाजूचा उंचवटा, फुगत जातो. लॅबमध्ये सगळे म्हणतात डायल्यूट कर आणि पुढे जा. पण असं का होतं हे कळल्याशिवाय पुढे जावंसं वाटत नाही.

उत्तर १:
डायमर होतोय. मिथिलीन ब्लूचा रेणू चपटा, पाण्यात दोन रेणू एकमेकांवर चिकटून बसतात आणि अशा जोडीला जास्त एनर्जीचा प्रकाश लागतो म्हणून ती ६१० कडे शोषते. बिअर-लॅम्बर्ट (शोषण कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात वाढतं हा नियम) चुकलेला नाही, मोनोमर (सुटा रेणू) आणि डायमर (जोडी) दोघंही आपापल्या जागी तो पाळतात, फक्त तुम्ही एक्स अक्षावर एकूण डाय मांडताय आणि ६६४ ला मुख्यतः मोनोमर मोजताय. इथेनॉलमध्ये करून बघा, शोल्डर बराच बसेल.

उत्तर २:
डायमर असणारच, पण आधी सिद्ध करा. अ‍ॅब्सॉर्बन्स (शोषणाचं माप) २ च्या वर गेला की स्ट्रे लाइटमुळे (मशीनमधल्या भरकटलेल्या प्रकाशामुळे) उंच पीक दबतं आणि मग शोल्डर उगाचच मोठा दिसतो, म्हणजे मशीनमुळेही जवळपास असंच चित्र येऊ शकतं. १० मायक्रोमोलर १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये घ्या आणि १०० मायक्रोमोलर १ मिमीच्या. प्रकाशाच्या वाटेत रेणू तेवढेच, त्यामुळे जोड्या होत नसतील तर दोन्ही स्पेक्ट्रम एकमेकांवर बसायला हवेत. १०० वाला ६६४ ला खाली आणि ६१० ला वर आला तर मशीनचा दोष नाही, रेणूच बदललाय. मला तर सोल्यूशनमधल्या रेणूंबद्दल इतक्या स्वस्तात इतकं सांगणारा दुसरा प्रयोग माहीत नाही.

प्रश्नकर्ती:
१ मिमीचा शेजारच्या लॅबमध्ये आहे, मागून घेते. तापमान बदलून काही कळेल का?

उत्तर २:
हो, नक्की करा. तेच सोल्यूशन गरम करत गेलं की जोड्या सुटतात, ६६४ वाढतं, ६१० उतरतं. सगळे कर्व्ह एकाच बिंदूत छेदले तर दोनच प्रकार आहेत असं धरायला चांगला आधार मिळतो, बिंदू सरकत राहिला तर तीन-चार रेणूंचे गठ्ठेही होत असावेत.

उत्तर ३:
हा डाय काचेला फार चिकटतो बरं का. पातळ सोल्यूशनची रीडिंग त्यामुळे चुकू शकतात. पातळकडून घट्टकडे जा, मध्ये क्युव्हेट इथेनॉलने धुवा आणि नुसतं पाणी भरून ६६४ ला शून्य येतंय का ते बघूनच पुढचं सँपल भरा.