नॉर्मल रिपोर्टबद्दल थोडं
‘नर्व्ह कंडक्शन (नसांतून विजेचा संदेश किती वेगाने आणि किती जोरात जातो हे मोजणारी चाचणी) नॉर्मल, म्हणजे न्यूरोपॅथी (नसांचा आजार) नाही’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. ही चाचणी नसांमधले फक्त जाड, मायलिनचं (चरबीयुक्त) आवरण असलेले तंतू मोजते. तळपायांची आग होते ती बहुधा बारीक तंतूंमुळे, आणि ते इथे दिसतच नाहीत; त्यासाठी त्वचेची बायोप्सी करतात.

दुसरं म्हणजे तापमान. पाय गार असेल तर संदेशाचा वेग उगाच कमी दिसतो, दर अंश सेल्सिअसला साधारण २ मीटर प्रतिसेकंद. त्वचेचं तापमान मोजलंय का, हे तंत्रज्ञांना जरूर विचारा. बधिर पाय स्वतः शेकू नका, भाजलेलं कळत नाही!

रिपोर्टमध्ये नुसता वेग बघू नका. वेग खूप घटला तर बिघाड बहुधा आवरणात. वेग बराचसा शाबूत पण अँप्लिट्यूड (संदेशाचा जोर) घटलेला, तर अ‍ॅक्सॉनमध्ये (आवरणाच्या आतल्या मूळ तंतूत).